प्रश्न आधी, जर्नल मग : एका महाविद्यालयातल्या संशोधन मार्गदर्शनाच्या नोंदी

३ जुलै २०२४, बुधवार

कोल्हापूर जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं हे अनुदानित महाविद्यालय. प्राचार्यांनी आणि आयक्यूएसीने (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) वर्षभरासाठी माझ्यावर काम सोपवलं आहे : इथल्या प्राध्यापकांना संशोधन, प्रकाशन आणि अनुदानाचे प्रस्ताव या तिन्ही गोष्टींत सोबत करायची. एक दिवसाच्या कार्यशाळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. उद्घाटन, दोन व्याख्यानं, प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. म्हणून अट एकच घातली. बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळात सहभागी प्राध्यापकांना तास लावायचे नाहीत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. त्यावर प्रवेश, परीक्षा, एनएसएस, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली. वेळापत्रकात ज्याला जागा नाही ते काम होत नाही. प्राचार्यांनी तिथल्या तिथे वेळापत्रक समितीला बोलावून हे कबूल केलं, याचं मला फार समाधान वाटलं.

आठ जणांनी नावं दिली. प्रकाशनांच्या याद्या आणू नका, स्वतःचा सर्वांत आवडता एक लेख आणा, असं सांगितलं होतं. तिघांनी मोकळेपणाने सांगितलं की परत वाचावासा वाटेल असा लेख आपल्याकडे नाही. यात मी त्यांना दोष देत नाही. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीने एपीआय ही गुणपद्धत आणली, लेखागणिक गुण ठरले, प्लेसमेंट, म्हणजे वरच्या श्रेणीतली बढती, त्या गुणांवर अडकली आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्यांची दुकानं गल्लोगल्ली निघाली. शिक्षकाने काय वाचलं, काय शोधलं हे विचारणारं कुणी उरलंच नाही. या बुधवारांत ते विचारायचं आहे.

१० जुलै

आजचा सगळा वेळ प्रश्न लिहिण्यात गेला. पहिल्या फेरीत आलं ते असं : ‘पुराचा भौगोलिक अभ्यास’, ‘गुळाचे रासायनिक विश्लेषण’, ‘काजू उद्योगाचे आर्थिक महत्त्व’. ही शीर्षकं झाली, प्रश्न नव्हेत. ज्याचं उत्तर आपल्याला आज माहीत नाही आणि जे आपल्या अपेक्षेच्या उलटही निघू शकतं, असं एकच वाक्य लिहा, एवढं सांगून मी गप्प बसलो.

भूगोलाच्या मॅडम शिरोळ तालुक्यातल्या. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाल्या, “सर, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका, हे रेडिओवर ऐकतो. पण तिथे ४३ असताना आमच्या गावात पाणी कुठवर येणार, हे कुणी सांगत नाही. कधी ४३ ला उंबऱ्याशी असतं, कधी घरात.”

हा खरा प्रश्न. बंधारा कोल्हापूरजवळ, शिरोळ पार खाली, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते त्या अंगाला. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. वरच्या एका मोजपट्टीवरून खालच्या गावाचं पाणी ठरत नाही. मॅडमना हे लहानपणापासून ठाऊक आहे, पण ते संशोधन होऊ शकतं असं आजवर कुणी त्यांना म्हटलं नव्हतं.

२६ जुलै

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आहे. महाविद्यालय बंद. मॅडमचा फोन आला : विद्यार्थ्यांचा गट करून भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा नोंदवू का? पाणी ओसरल्यावरच जा, आधी नको, हे दोनदा बजावलं. प्रत्येक खुणेचा फोटो पट्टी लावून, तारीख-वेळ, घरमालकाची संमती. २०१९ आणि २०२१ च्या खुणाही कित्येक भिंतींवर रंगाने किंवा खिळ्याने केलेल्या आहेत, त्या वेगळ्या रकान्यात. माणसाने आठवणीने दाखवलेली खूण आणि प्रत्यक्ष दिसणारा डाग या दोन वेगळ्या गोष्टी. एका रकान्यात घालायच्या नाहीत.

७ ऑगस्ट

जर्नल कसं तपासायचं, यावर बसलो. प्रत्येकाने मोबाइलवर आलेला एकेक ‘कॉल फॉर पेपर’ काढला. भाषा सगळ्यांची सारखीच : तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत, फी अठराशे.

आयएसएसएन असला की जर्नल चांगलं, हा समज आधी काढावा लागला. तो नुसता ओळख क्रमांक आहे. दर्जाची तपासणी त्यात नसते. मग फळ्यावर एकेक जर्नल घेऊन शोध सुरू केला. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, आणि त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या संपादकपदाचा उल्लेख आहे का? मागचे अंक उघडतात का? एका अंकात गणित, आयुर्वेद आणि क्रीडाशास्त्र शेजारी शेजारी आहेत का? ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे लेखांना मिळणाऱ्या संदर्भांचा आकडा, कोणी दिला आहे? स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्याच यादीत जाऊन बघायचं, जर्नलच्या संकेतस्थळावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सर्वांत फसवे ते बनावट जुळे : जुन्या नामांकित जर्नलचं नाव आणि क्रमांक उचलून उभं केलेलं दुसरंच संकेतस्थळ. ग्रंथपाल सरांनी असं एक जुळं तिथल्या तिथे शोधून दाखवलं. इथून पुढे दर बुधवारी त्यांनी बसायचं, असं ठरलं. आपल्याकडे ग्रंथपालाला या कामात कुणी विचारत नाही, ही मोठी चूक आहे.

जाता जाता २०१८ चा करंट सायन्समधला अभ्यास वाचून दाखवला. विद्यापीठांनी शिफारस केल्यामुळे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत आलेल्यांपैकी १००९ तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची ठरली. कित्येकांचा पत्ता, संपादकांची नावं धड नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ जर्नलं यादीतून काढली. यातल्या काहींत छापलेले लेख या खोलीतल्या मंडळींच्याही यादीत आहेत. कुणी काही बोललं नाही. मीही विषय तिथेच सोडला.

२१ ऑगस्ट

रसायनशास्त्राच्या सरांचा अनुदान प्रस्ताव. प्रश्न त्यांनी छान घडवला आहे : गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस हे रंग उजळणारं गंधकयुक्त रसायन टाकतात, तो गूळ चार-पाच महिने गोदामात राहिला तर त्यात सल्फर डायऑक्साइड किती उरतं, आणि भेंडीच्या चिकाने मळी काढलेल्या गुळाचा रंग त्याच काळात किती बदलतो? शेतकरी, अडते आणि खाणारे अशा तिघांनाही याचं उत्तर हवं आहे.

अंदाजपत्रक मात्र प्रश्नाशी फारकत घेऊन बसलं होतं. एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं अठरा लाखांचं दरपत्रक जोडलेलं. मी विचारलं, सल्फर डायऑक्साइड मोजायला हे लागतं का? ते म्हणाले, “नाही सर, पण यंत्र मागितलं की प्रस्ताव वजनदार दिसतो असं सांगितलंय.” तपासणाऱ्याची नजर इथेच अडखळते. सल्फर डायऑक्साइडसाठी मोनियर-विल्यम्सची ऊर्ध्वपातनाची पद्धत आहे. काचेचा संच, नायट्रोजन, टायट्रेशन. आपल्या प्रयोगशाळेत बसते. रंगासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर आहेच. अठरा लाख गेले आणि त्या जागी आलं ते नमुन्यांचं नीट नियोजन : किती गुऱ्हाळं, हंगामाच्या कुठल्या टप्प्यावर, प्रत्येक ढेपेतून किती नमुने, साठवणीचं तापमान आणि दमटपणा कसा नोंदवणार. पूर्वीच्या मसुद्यात यावर दोन ओळी होत्या, आता दोन पानं आहेत. प्रस्तावाचं वजन त्या दोन पानांत आहे.

केंद्राच्या योजनांचंही बोललो. विज्ञान-अभियांत्रिकीचं अनुदान देणारं केंद्राचं मंडळ, सर्ब, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं आहे; त्याचा कायदा २०२३ चा, अंमल फेब्रुवारी २०२४ पासून. सर्बच्या काळातली ‘टेअर’ योजना महाविद्यालयीन शिक्षकांसाठी सर्वांत उपयोगाची वाटत आली आहे : आपली नोकरी सांभाळून वर्षातले काही महिने एखाद्या राष्ट्रीय संस्थेत काम करायचं, तीन वर्षं, दरसाल ६० हजारांची अधिछात्रवृत्ती आणि पाच लाख संशोधन खर्च, त्यातला निम्मा आपल्या महाविद्यालयाला. पैशापेक्षा मोठा लाभ म्हणजे रोज संशोधन करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसायला मिळतं. पण तिथे जायला आधी हातात काही प्राथमिक निष्कर्ष हवेत. म्हणून सरांनी पहिला प्रस्ताव विद्यापीठाच्या छोट्या निधीसाठी पाठवायचा, असं ठरलं.

२५ सप्टेंबर

मराठी विभागाच्या मॅडम अस्वस्थ होत्या. जात्यावरच्या ओव्यांवरचा लेख साम्य तपासणीत २४ टक्के निघाला. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याबाबतच्या नियमावलीप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत शून्य पातळी, म्हणजे शिक्षा नाही. दहा ते चाळीस ही पहिली. मॅडमना वाटलं, आपल्यावर वाङ्मयचौर्याचा ठपका आला.

अहवाल ओळीओळीने पाहिला. जुळलेला जवळजवळ सगळा मजकूर म्हणजे उद्धृत केलेल्या ओव्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून जमवलेल्या ओव्या आता जालावर खुल्या आहेत, त्यामुळे त्या जुळणारच. मॅडमनी त्या कवितेसारख्या मधोमध छापल्या होत्या, अवतरणचिन्हांशिवाय. यंत्राला ते अवतरण आहे हे कळलं नाही. खूण केली, प्रत्येक ओवीचा स्रोत दिला, आकडा उतरला. मात्र अहवाल बघताना दुसरीच गोष्ट सापडली : लेखाच्या चौदा पानांत मॅडमचं स्वतःचं म्हणणं जेमतेम तीन पानं. ओव्या इतक्या सुंदर की बाकी सगळं त्यांच्यावरच सोडून दिलेलं. माहेरच्या वाटेच्या ओव्यांत नदी ओलांडण्याचा उल्लेख कुठल्या गावांत येतो आणि कुठे अजिबात येत नाही, हे त्यांनी बोलताना सहज सांगितलं, लेखात त्याचा मागमूस नाही. ते लिहा म्हटलं.

छापायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे : मराठीतलं काम मराठीत. वाईचं नवभारत, मराठी अभ्यास परिषदेचं भाषा आणि जीवन ही नियतकालिकं जाणकार वाचतात. हा लेख इंग्रजीत कसाबसा उतरवून न वाचल्या जाणाऱ्या अंकात टाकण्यापेक्षा तिथे जावा.

१६ ऑक्टोबर

आजची नोंद लिहिताना त्रास होतो आहे.

अर्थशास्त्राचे तरुण सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवतात. नेट, पीएच.डी., सगळं झालेलं. आजरा-चंदगड भागातल्या काजू फोडणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळते. कच्ची बी संपते त्या दिवसांत त्यांचं घर कशावर चालतं, हा त्यांचा प्रश्न. तीन गावांतली प्राथमिक पाहणी त्यांनी स्वतःच्या खर्चाने केली आहे. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या आयसीएसएसआरसाठीचा प्रस्ताव तयार होता. कार्यालयाने शिफारसपत्र दिलं नाही : नेमणूक फक्त शैक्षणिक वर्षापुरती, प्रकल्प त्यापुढे जाणारा, जबाबदारी कोण घेणार?

कुणीतरी सुचवलं, कायम असलेल्या ज्येष्ठांचं नाव प्रकल्प संचालक म्हणून घाला, काम तुम्ही करा. मी याला साफ नकार दिला. ज्याचा प्रश्न, ज्याची पायपीट, त्याचं नाव आतल्या पानावर ढकलायला मी हातभार लावणार नाही. सहसंचालक म्हणून दोघांनी खरोखर मिळून काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते ज्येष्ठांनी आधी त्या गावांत जाऊन ठरवावं.

आयसीएसएसआर १९६९ मध्ये उभी राहिली तेव्हा पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. नाईक याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांच्या संस्थेच्या दारात आजऱ्याच्या बायकांवरचा अभ्यास नेमणुकीच्या कागदासाठी अडावा, याचं फार वाईट वाटतं. सरांना म्हटलं, अनुदानाची वाट बघू नका. तीन गावांच्या माहितीवर एक छोटा, नेमका लेख होतो. तो आधी लिहू. नाव एकट्याचं.

२७ नोव्हेंबर

निवडणुकीच्या कामामुळे महिनाभर बुधवार विस्कळीत. मतदान २० तारखेला झालं. निम्मे जण केंद्रांवर होते.

या आठवड्यात केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे संशोधन जर्नलांची देशभरासाठी एकच वर्गणी, मंजूर केलं : तीन वर्षांसाठी ६००० कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास जर्नलं. चांगली बातमी आहे, मात्र ती शासन चालवतं त्या संस्थांसाठी. खासगी संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयाने तूर्त एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन जर्नल-पुस्तक सेवेवरच काम भागवायचं. ग्रंथपाल सरांनी सगळ्यांची एन-लिस्टची खाती सुरू करून दिली. काहींचे पासवर्ड कित्येक वर्षं पाकिटातच होते.

८ जानेवारी २०२५

भूगोलाच्या मॅडमचा लेख गेला.

मधल्या काळात सर्वांत मोठी अडचण उंचीची होती. विद्यार्थ्यांनी खुणांची उंची मोबाइलच्या जीपीएसवर घेतली होती. मोबाइलची उंची कित्येक मीटरने चुकते आणि आपल्याला वीतभराचा फरक मोजायचा आहे. ती सगळी माहिती बाजूला ठेवावी लागली. शेजारच्या पॉलिटेक्निकच्या स्थापत्य विभागाने ऑटो लेव्हल हे उंचीतला फरक मोजायचं उपकरण दिलं, त्यांचेच एक शिक्षक शिकवायला आले. ज्ञात उंचीच्या खुणेपासून सुरुवात करून गावागावात लेव्हल नेली. थंडीत, रविवारी, विद्यार्थी न कंटाळता येत होते. त्यातल्या एकीने आलेखाची कल्पना मांडली : आडव्या अक्षावर बंधाऱ्याचं पाणी, उभ्यावर गावातलं, आणि कृष्णा भरलेली असतानाचे बिंदू वेगळ्या रंगात. हे दोन रंग आलेखावर स्पष्ट वेगळे पडले. तिचं नाव लेखकांत आहे, आभारात नव्हे.

संपादकांना पाठवायचं पत्र मॅडमनी आठ ओळींत लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘आपल्या सुप्रसिद्ध नियतकालिकात स्थान मिळाल्यास उपकृत होईन’ असं होतं. ते काढलं. काय विचारलं, काय सापडलं, तुमच्या वाचकांना त्याचं काय, एवढंच ठेवलं. पुण्याहून निघणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्सच्या नियतकालिकाचे मागचे अंक त्यांनी पूर्ण वाचून काढले, तिथेच पाठवला.

१४ फेब्रुवारी

यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची नंतरची यादी, बंद केली. निर्णय ऑक्टोबरमधल्या बैठकीचा, जाहीर या आठवड्यात झाला. यादीऐवजी निकष सुचवले आहेत, २५ तारखेपर्यंत सूचना मागवल्या आहेत. सकाळपासून फोन. “सर, आता पॉइंट कसे धरायचे?” “केअरमधला माझा लेख बाद होणार का?”

दुपारी खास बैठक घेतली. यादी गेली याचं मला दुःख नाही. यादी असली की माणूस यादी बघतो, जर्नल बघत नाही. आणि यादीत शिरलेल्या जर्नलचे दर वाढतात. केअरचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षाने कष्टाने केलं, त्याने पुष्कळ घाण बाहेर गेली, हे मान्यच आहे. पण आता निर्णय संस्थांवर आला आहे आणि धोका तिथे आहे. स्थानिक समितीत ओळखीपाळखीची माणसं बसली की गल्लीतल्या जर्नलला पुन्हा दार उघडेल. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, निदान यादीमुळे मुलाखतीत वाद होत नव्हता. निकषांवर वाद घालायला तज्ज्ञ लागतात, ते तालुक्यात कुठून आणायचे? त्यांचं म्हणणं खरं आहे.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलं : ग्रंथालयात एक नोंदवही. ज्याला जिथे लेख पाठवायचा आहे त्याने ऑगस्टमधल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधून, तारीख घालून, सहीनिशी लिहायची. ग्रंथपाल सर दुसऱ्यांदा तपासतील. नोंदवही सगळ्यांना खुली. तिच्या आधारे यूजीसीला सूचनाही पाठवली, मराठीतल्या नियतकालिकांसाठी वेगळा विचार व्हावा म्हणून. इंग्रजी डेटाबेसमध्ये नसणं हा त्यांचा दोष धरला जाऊ नये.

९ एप्रिल

भूगोलाच्या लेखावर दोन समीक्षकांची पत्रं आली. ‘मोठ्या दुरुस्त्या’. मॅडमना नकारच वाटला. “माझं काम त्यांना आवडलं नाही,” म्हणाल्या. मी पत्र मोठ्याने वाचलं. दुसऱ्या समीक्षकाने सव्वीस मुद्दे काढले आहेत. ज्ञात उंची कुठली धरली? खुणा ओल्या भिंतीत वर चढलेल्या ओलाव्याच्या तर नाहीत? याच गावांची निवड का? आठवणीने दाखवलेल्या खुणा वगळल्या तर निष्कर्ष टिकतो का? ज्या माणसाने आपला लेख इतका बारकाईने वाचला त्याने आपला मान राखला आहे. तीन दिवसांत छापणारा असं वाचत नाही.

तक्ता केला : मुद्दा, आपलं उत्तर, लेखात कुठे बदल. पटलं तिथे बदल. पटलं नाही तिथे कारण, अजिजी नको आणि चिडचिडही नको. ओलाव्याचा मुद्दा गंभीर आहे. वीटभिंतीत पाणी वर चढतं, डाग खऱ्या पातळीच्या वर दिसतो. मॅडमकडे दगडी भिंतींवरच्या खुणा वेगळ्या नोंदलेल्या आहेत. दोन्ही ताडून बघायचं. आठवणीतल्या खुणा वगळून आलेख पुन्हा काढला. बिंदू कमी झाले, दोन रंग वेगळेच राहिले.

१८ जून

गुळाच्या प्रस्तावाला विद्यापीठाचा निधी मिळाला. मागितल्यापेक्षा कमी, पण पुरेसा. आज प्राध्यापकांबरोबर कार्यालयातले लेखापाल बसले. वेगळं खातं, प्रत्येक खरेदीची दरपत्रकं, साठा नोंदवही, शीर्षाबाहेर खर्च करण्याआधी लेखी परवानगी, वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामीच वापरल्याचा दाखला. पुढे केंद्राचं अनुदान मिळालं तर हे प्रमाणपत्र सरकारी १२-ए नमुन्यात द्यावं लागेल आणि खात्यावरचं व्याजही हिशेबात दाखवावं लागेल. लेखापाल म्हणाले, “मला इतकी वर्षं फाइल शेवटी मिळते, सुरुवातीला कुणी बोलावतच नाही.” कित्येक चांगले प्रकल्प दुसऱ्या हप्त्याविना बंद पडतात ते विज्ञान चुकल्यामुळे नव्हे, हिशेब न गेल्यामुळे.

९ जुलै

भूगोलाचा सुधारित लेख परत गेला आहे, निर्णय यायचा आहे. ओव्यांवरचा लेख मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला, आता त्यात नदी आहे. आठांपैकी दोघे मध्येच थांबले. एकांना विभागप्रमुखपद आलं, एकींच्या घरी आजारपण. त्यांची जागा राखून ठेवली आहे.

काजूवरचा लेख पूर्ण झाला. नोंदवहीत तपासून अर्थशास्त्राच्या सरांनी पुण्या-मुंबईतल्या दोन नियतकालिकांची नावं काढली, त्यातल्या एकाकडे कालच पाठवला. लेखाखाली पत्ता कुठला द्यायचा, हा पेच होता, कारण नव्या वर्षाचं नेमणूकपत्र अजून हातात नाही. प्राचार्यांनी महाविद्यालयाचा पत्ता वापरण्याचं लेखी पत्र दिलं.

संस्थेच्या व्यवस्थापनाकडे मी आज निवेदन दिलं आहे. मागण्या दोन : तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बुधवारच्या दोन तासांचं मानधन मिळावं, आणि ज्यांचा प्रस्ताव तयार आहे त्यांना प्रकल्पाच्या मुदतीपर्यंत संलग्नता देणारा ठराव व्हावा. सोबत तीन गावांच्या पाहणीचा लेख जोडला. ऑगस्टच्या बैठकीत विषय घेऊ, असं सचिवांनी सांगितलं आहे. बैठकीला मी जाणार आहे, आणि सरांनाही बरोबर नेणार आहे.